जर्मनीत वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहायचंय? सीमाभागातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातली बारावी किंवा पदवी झालेली मुलंमुली हल्ली जर्मनीतल्या स्वयंसेवेबद्दल विचारत असतात. कुणी जाहिरात बघून, कुणी भावकीतलं कुणीतरी आधी गेलंय म्हणून. व्हिसा कसा काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथं उतरल्यावर मंगळवारी संध्याकाळी काय करायचं, हे सांगणारं कुणी नसतं. कामाचे आठ तास संस्था शिकवते. उरलेले सोळा तास आपले आपल्यालाच लावून घ्यावे लागतात आणि माणूस टिकतो की वैतागून परततो, ते त्या सोळा तासांवर ठरतं. खालचे बहुतेक प्रश्न त्या सोळा तासांचेच आहेत.

हे नेमकं असतं काय? नोकरी, शिक्षण की समाजकार्य?

कायद्याच्या भाषेत नोकरी नाही आणि शिक्षणही नाही. मुख्य प्रकार दोन. पहिला एफएसजे, म्हणजे स्वेच्छेचं सामाजिक वर्ष. त्याचा कायदा १९६४ सालचा आहे आणि त्यासाठी वय २७ च्या आत लागतं. दुसरा बीएफडी, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारची स्वयंसेवा. जर्मनीने सक्तीची लष्करभरती थांबवली तेव्हा सैन्यात जाण्याऐवजी अशी सेवा करणाऱ्या मुलांच्या हातून होणारी रुग्णालयांतली, वृद्धाश्रमांतली कामं कोण करणार असा प्रश्न आला आणि जुलै २०११ मध्ये ही योजना सुरू झाली. तिला वयाची वरची मर्यादा नाही.

दोन्हींत साधारण १२ महिने काम असतं, कमीत कमी ६ आणि सहसा जास्तीत जास्त १८. आठवड्याला जवळपास ४० तास. पगाराऐवजी हातखर्ची मिळते. आरोग्य विमा, अपघात विमा आणि पेन्शनचा हप्ता संस्थेकडून भरला जातो. राहायची खोली आणि जेवण पुष्कळ ठिकाणी मिळतं, पण सगळीकडे मिळेलच असं नाही, तेव्हा करारात काय लिहिलंय ते वाचा. २७ च्या आतल्यांना वर्षभरात २५ दिवस शिबिरांना जावं लागतं. ते दिवस कामाचेच धरतात, सुट्टीतून कापत नाहीत.

स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपती मंडळाचा कार्यकर्ता येतो. जमलं तर आला, नाही जमलं तर नाही. तसलं तिथं चालत नाही. सकाळी साडेसहाची पाळी म्हणजे साडेसहाला कपडे बदलून हजर.

एजंट लाख-दीड लाख मागतोय. द्यावेत का?

माझं मत विचाराल तर नाही. जागा शोधायला, अर्ज करायला, मुलाखतीला एजंट लागत नाही. कारितास, डियाकोनी, जर्मन रेड क्रॉस, योहानिटर, माल्टेझर या मोठ्या संस्था अर्ज थेट घेतात. बीएफडीचा करार तर जर्मन केंद्र सरकारच्या कार्यालयाबरोबर होतो आणि त्यावर त्यांची सही असते. कुणी नुसतं फोटोतलं पत्र दाखवत असेल तर त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता काढून मेल टाका आणि विचारा. उत्तर यायला आठवडा लागला तरी थांबा. जर्मनचा क्लास, तिकीट, व्हिसाची फी, भाषांतरं हे खर्च खरे आहेत. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे. त्यापलीकडचं 'प्रोसेसिंग' म्हणजे नेमकं काय, ते एजंटाला कागदावर लिहून द्यायला सांगा. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

मला आफ्रिकेत किंवा नेपाळात काम करायचं आहे. तिकडे जाता येईल?

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून चालू आहे आणि त्याचं मुख्यालयही जर्मनीतच, बॉन शहरात आहे. तिथे शिक्षणासोबत बहुतेक जागांना कामाचा अनुभव लागतो. बी.ए. होऊन लगेच निघणाऱ्याला जर्मनीची वाट सोपी पडते, म्हणून पुढची सगळी माहिती तिथलीच.

व्हिसासाठी बेळगावहून मुंबईला जायचं की बंगळूरला?

बंगळूरला. तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर वकिलात ठरते. कर्नाटक आणि केरळसाठी बंगळूरची, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईची. गंमत अशी की बेळगावपासून तासाभरावर असलेल्या चंदगडचा मुलगा मुंबईला जातो आणि तुम्ही पाचशे किलोमीटरवर बंगळूरला. दोघेही क्लासला एकाच बाकावर बसलेले असले तरी. कोल्हापूरच्या मामाच्या पत्त्यावर मुंबईत अर्ज करू का, असं पुष्कळ जण विचारतात. तिथे खरोखर राहत असाल आणि तसा पुरावा असेल तरच करा. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बंगळूर वंदे भारत धावतेय, रात्रभर राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच. बंगळूरला जाण्याचा एवढा धसका घ्यायचं कारण नाही.

पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगने आहे आणि दाखल्यावर नव्या. अडेल का?

१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने बेळगावचं अधिकृत नाव बदलून बेळगावी केलं, त्यामुळे त्याआधीचे कागद एका नावाने आणि नंतरचे दुसऱ्या. हे सरकारी बदलातून झालंय आणि वकिलातीला माहीत आहे. फॉर्म भरताना मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा. प्रत्येक फॉर्मवर वेगळं लिहिलंत तर शंका निघते.

त्याहून मोठा घोळ आपल्या स्वतःच्या नावाचा असतो. शाळेच्या दाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, आधारवर आडनाव पुढे, आणि पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा. असा रिकामा रकाना जर्मनीत वर्षभर छळतो. बँक, विमा, नगरपालिका सगळीकडे 'आडनाव?' म्हणून विचारत राहतात. पासपोर्ट नवीन काढायचाच असेल तर आडनाव त्याच्या रकान्यात भरून घ्या. कन्नडमधला जन्मदाखला असेल तर त्याच्या भाषांतराचं काम वेळेत उरका, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणखी एक कागद लोक विसरतात तो गोवराच्या लसीचा. मार्च २०२० पासून जर्मनीत कायदा आहे की १९७० नंतर जन्मलेल्या कुणालाही बालवाडीत, शाळेत किंवा रुग्णालयात काम करायचं तर गोवराची लस झाल्याचा किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडे अंगणवाडीचं लसीचं कार्ड सापडलं तर नशीब. सापडलं नाही तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या किंवा पुन्हा डोस घ्या आणि शिक्क्यासह लिहून घ्या.

जर्मन किती यायला हवी? मी मराठी माध्यमाचा आहे.

संस्था साधारण ए-टू ते बी-वन पातळी मागतात. युरोपात भाषेच्या पातळ्या अशा मोजतात: ए-वन अगदी सुरुवातीची, बी-वन रोजच्या व्यवहारापुरती. आणि मागितली नाही तरी बी-वनपर्यंत शिकूनच जा, हा आग्रह आहे. वृद्धाश्रमातल्या ८५ वर्षांच्या आजीबाईंना इंग्रजी येत नाही. मॅक्स म्यूलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था पुण्यात आणि बंगळूरला आहे, परीक्षा तिथे देता येते. अभ्यास बेळगावात बसून होतो.

मराठी माध्यमाचा न्यूनगंड घरी ठेवा. बाजारात कन्नड, घरात मराठी, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी, हे तुम्ही लहानपणापासून करत आलाय. अर्धवट येणाऱ्या भाषेत बेधडक बोलायची सवय सीमाभागातल्या पोरांना असते. एसटी सोडून कर्नाटकच्या बसमध्ये बसलं की कंडक्टरशी जसं असेल तसं बोलतोच की आपण. पुण्या-मुंबईची मुलं व्याकरण चुकेल म्हणून गप्प बसतात आणि तिथंच मागे पडतात. एक मात्र आहे: क्लासमधली जर्मन आणि बव्हेरियातल्या खेड्यात कानावर पडणारी जर्मन यांत बराच फरक असतो. पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. तो काळ सगळ्यांनाच जातो.

सामानात काय न्यावं? आई कुंदा द्यायचा म्हणतेय.

कुंदा नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच. पेढे, खवा, तूप, घरचं लोणी, सगळं त्यातच आलं. कस्टमवाल्याने पकडलं तर जप्त करतो, आणि आईने रात्री जागून केलेली वस्तू त्याने कचऱ्यात टाकलेली बघणं काही बरं नाही. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. बहुतेक ताज्या फळाभाज्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं.

न्यायचं ते असं. कडक भाकरी. ज्वारीच्या पातळ, खडखडीत वाळवलेल्या भाकऱ्या डब्यात नीट रचल्या तर आठवडेच्या आठवडे टिकतात आणि नुसत्या दह्यासोबतही पोट भरतं. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी. संकेश्वरी मिरचीचं तिखट, घरचा मसाला. गोडा मसाला तिकडे सहजी मिळत नाही. लहान प्रेशर कुकर न्या, पण बुडाशी सपाट बघून घ्या, कारण तिथल्या शेगड्या विजेच्या, काचेच्या पृष्ठभागाच्या असतात. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अडॅप्टर इथूनच घेतलेला स्वस्त पडतो. नेहमीची औषधं असतील तर साधारण तीन महिन्यांपर्यंतची आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी.

थंडीचं जाड जाकीट बेळगावात घेऊ नका. इथे मिळतं ते इथल्या थंडीचं. तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानांत आणि रविवारच्या जुन्या बाजारात चांगलं जाकीट कमी पैशांत मिळतं, आणि वापरलेलं घ्यायला तिथे कुणी नाक मुरडत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत काय काय करावं लागतं?

सगळ्यांत आधी पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन करायची. घरमालकाची किंवा संस्थेची सही असलेला एक फॉर्म लागतो. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून विमानात बसण्याआधीच बघा. या एका कागदावर पुढचं सगळं लटकलेलं असतं: बँक खातं, करक्रमांक, निवास परवाना. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ. व्हिसावर लिहिलेली तारीख संपायच्या बऱ्याच आधी ती हातात असायला हवी.

आता एक अगदी बारीक गोष्ट, जिच्यावरून लोकांचे महिने वाया जातात. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी. घर क्रमांक, मजला, 'काळ्यांच्या घराशेजारी' असलं काही पोस्टमन बघत नाही. पट्टीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि जर्मनीत सगळं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात. म्हणून चावी हातात मिळाली की खोलीतल्या खाटेवर बसण्याआधी कागदावर आडनाव लिहा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये, आणि पेटीवर चिकटवा. घंटीवरही. चांगली छापील पट्टी नंतर मिळेल.

हातखर्ची पुरते का? घरी पैसे पाठवता येतील का?

काही शे युरो हातात येतात. वरची मर्यादा कायद्याने ठरलेली असते आणि दरवर्षी बदलते, प्रत्यक्षात बहुतेक संस्था त्यापेक्षा कमी देतात. खोली आणि जेवण मिळत असेल तर नीट भागतं. खोलीचं भाडं स्वतः भरायचं असेल तर म्युनिकसारख्या शहरात भागत नाही, तिथली जागा घेण्याआधी दहादा विचार करा. लहान गावातली, खोलीसकट मिळणारी जागा केव्हाही बरी.

खर्च कुठे होतो? फोन, खाणं, प्रवास. प्रवासाला डॉइचलांडटिकिट नावाचा मासिक पास आहे. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या सोडून देशभरातल्या स्थानिक गाड्या, बस, ट्राम त्यावर चालतात. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२५ मध्ये ५८ वर गेला आणि पुढेही वाढला. काही संस्था स्वयंसेवकांना त्यात सूट देतात. पास आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतो आणि रद्द करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत. दुसरा फटका रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचा, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावीच लागते. खोलीत एकटे असाल तर पत्र तुमच्या नावाने येईल, ते कचऱ्यात टाकू नका. चार जण एका घरात असाल तर एकानेच भरायची आणि वाटून घ्यायची.

घरी पैसे पाठवण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलून मगच निघा. 'पोरगं जर्मनीला आहे' म्हटलं की गावात हिशेब सुरू होतो. युरो गुणिले शंभर. ट्रॅक्टरच्या हप्त्यापासून बहिणीच्या लग्नापर्यंत सगळं त्या गुणाकारात बसवलं जातं. बाबांना समोर बसवून सांगा की हे वर्ष कमाईचं नाही. हातखर्ची, जेवण, प्रवास कागदावर लिहून दाखवा. मामांना, काकांना बाबाच सांगतील. हे न बोलता निघालेली मुलं तिथे शनिवार-रविवारी चोरून हॉटेलात भांडी घासतात. जास्तीचं काम संस्थेच्या आणि परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, सापडलं तर परवाना धोक्यात.

आणि हो, आपलं भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. यूपीआय तिथे चालत नाही, बेकरीत अजूनही पुष्कळदा रोखच द्यावी लागते.

वृद्धाश्रमात नेमकं काय करावं लागतं? घरी सांगायला अवघड वाटतं.

सकाळी न्याहारी वाढायची, ब्रेडला लोणी लावून द्यायचं, चाकाच्या खुर्चीतून बागेत न्यायचं, कपडे घडी घालायचे, पत्ते खेळायचे, एकच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकायची. आणि हो, अंघोळ घालायला, संडासला न्यायला, लंगोट बदलायला मदत करायची. औषधं देणं, इंजेक्शन टोचणं हे तुमचं काम नाही. कुणी घाईत सांगितलं तरी नम्रपणे नाही म्हणा. स्वयंसेवक हा जादाचा हात आहे, नर्सची जागा भरायला त्याला ठेवता येत नाही, असा नियमच आहे.

संकोच कशाचा असतो ते उघड बोलू. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं असलं सगळं घरातल्या सुना-मुली करतात. बाहेरच्याने, त्यातून मुलाने, त्यातून परक्या बाईचं करणं म्हणजे काहीतरी कमीपणा, असं मनात असतं. त्यात कुठली कामं कुणी करायची याबद्दलच्या जुन्या समजुती, ज्या आपण बोलून दाखवत नाही पण बाळगतो. तिथे त्या कामाला तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आहे आणि ते करणाऱ्याला लोक मान देतात. पहिल्या आठवड्यात ओकारी येते. दुसऱ्या महिन्यात कोणत्या आजोबांना डाव्या बाजूने उठवलं की दुखत नाही हे तुम्ही नव्या मुलाला सांगत असता.

एकदा आजीने विचारलं, 'जेवलास का?' तर ती आपल्या आजीसारखीच विचारते, पण तिला लगेच तू म्हणू नका. वयस्कांना कायम आदरार्थी आणि आडनावाने हाक मारायची: फ्राउ अमुक, हेर तमुक. सहकारी पहिल्या दिवशीच तू-तारीवर येतात, त्यांनी सांगितलं की तुम्हीही.

मृत्यूही बघावा लागतो. काल ज्यांना सूप भरवलं त्यांच्या खोलीबाहेर आज मेणबत्ती लावलेली असते. त्या दिवशी एकटे खोलीवर जाऊ नका. पाळीतल्या कुणाबरोबर तरी कॉफी घ्या. शिबिरात याबद्दल बोलायला वेळ ठेवलेला असतो, तेव्हा लाजू नका.

स्वयंपाकाचं काय? शाकाहारी माणूस जगू शकतो का?

आरामात. दुकानांत शाकाहारी पदार्थांवर खूण असते. डाळी, पीठ, हिंग, मोहरी आशियाई दुकानात. कोथिंबीर, भेंडी, चांगलं दही तुर्की दुकानात. ज्वारीचं पीठ मात्र लहान गावात शोधूनही मिळत नाही. आश्रमाच्या जेवणात शाकाहारी आहे असं सांगितलं तर पहिल्या दिवशी मासे येण्याची शक्यता धरा. 'मांस नाही, मासे नाही, अंडं चालतं' असं सुटं सुटं सांगा.

फोडणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जर्मनीत झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर जायच्या वाटेवर धुराची सूचना देणारी यंत्रं छताला लावणं सर्व राज्यांत सक्तीचं आहे. लसूण-मिरचीची फोडणी मोहरी तडतडेपर्यंत तापवली, दार उघडं राहिलं, की ते यंत्र कोकलायला लागतं. संस्थेच्या वसतिगृहात ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असेल तर लाल गाडी दाराशी उभी राहते आणि तिचा खर्च कुणाकडून तरी वसूल होतो. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कुणीतरी सांगेल. ती करू नका. खिडकी सताड उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, तेल कमी तापवा, तिखट शेवटी घाला.

रविवार, कचरा, शेजारी: खरंच एवढे नियम असतात?

असतात, आणि ते पाळले की शेजारी तुमच्या बाजूचे. रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-भाजी आणली नाही तर रविवारी रेल्वे स्टेशनवरच्या महागड्या दुकानाशिवाय पर्याय नाही. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत तेच. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, रविवारी दिवसभर ड्रिल, हातोडा नाही. दक्षिणेत स्वाबियाकडे जिना झाडायची पाळी आळीपाळीने येते, आणि ती चुकवली तर वरच्या मजल्यावरच्या काकू चिठ्ठी लावतात.

कागद, प्लास्टिक, ओला कचरा, उरलेलं, असे वेगळे डबे. रंग गावागणिक बदलतात, नगरपालिकेचा तक्ता फ्रिजवर चिकटवा. पेयाच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. महिन्याच्या शेवटी हे सेंट कामाला येतात.

थंडीत खिडकी बंद ठेवून हीटर लावून बसलात तर भिंतीला काळी बुरशी येते, खानापूरकडे श्रावणात पेटीतल्या कपड्यांना येते तशीच. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, हीटर बंद करून. घर सोडताना भिंत बघूनच अनामत परत देतात.

एकटेपणा येतो का?

येतो, आणि तो नोव्हेंबरमध्ये येतो. सप्टेंबरात आलेल्या मुलाला सगळं नवीन असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो, डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो. पाळी संपवून तुम्ही खोलीवर पोहोचता तेव्हा बेळगावात रात्रीचे नऊ-दहा वाजलेले, आई झोपायच्या तयारीत. दिवाळी कामाच्या दिवशीच येते. फोनवर फराळाची ताटं दिसतात.

उपाय साधे आहेत, पण आधीपासून करायचे. घरच्या फोनला ठरलेली वेळ ठेवा, रोज तासभर नको. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवणारी मुलं शरीराने तिकडे आणि मनाने शहापुरातल्या घरात राहतात. ऑक्टोबर संपायच्या आत एखाद्या क्लबात नाव घाला: फुटबॉल, गाण्याचा गट, बुद्धिबळ, अग्निशमनाचं स्वयंसेवक दल. जर्मन माणूस चहाला बोलवत नाही, पण दर बुधवारी सात वाजता एकत्र खेळणाऱ्याला चार महिन्यांनी घरी जेवायला बोलावतो. उजेडात रोज अर्धा तास चाला, पाऊस असला तरी. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामावर जाऊ वाटत नाही असं आठवडे दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांना सांगा. विमा त्यासाठीच आहे.

मराठी मंडळात जावं की कन्नड संघात?

दोन्हींत जा. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, कन्नड संघही आहेत. गणपतीला एकीकडे जेवण, नोव्हेंबरात दुसरीकडे कार्यक्रम. एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस; तो म्हटल्यावर आपल्या पोटात काय होतं हे तिथल्या लोकांना माहीत नसतं. 'तू कर्नाटकचा की महाराष्ट्राचा?' असं दोन्हीकडे विचारतात. तिथं सीमाप्रश्नाचा इतिहास सांगत बसायचा की 'बेळगावचा' म्हणून ताट वाढून घ्यायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी ताट घेईन. फक्त सगळे शनिवार-रविवार देशी माणसांतच घालवू नका, भाषा तिथल्या तिथे राहते.

आजारी पडलो तर?

पाळी सुरू व्हायच्या आधी कामावर फोन. मेसेज नव्हे, फोन. मग हाउसआर्ट्स्ट म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. तब्येत चांगली असतानाच एक डॉक्टर गाठून ठेवा, नवीन रुग्ण घेणारे शोधावे लागतात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. साध्या सर्दीला 'चहा प्या, झोपा' एवढंच सांगतात, त्याला निष्काळजीपणा समजू नका. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११२, पोलिसांना ११०.

कुणी वाईट वागलं तर?

होतं. बसमध्ये कुणी पुटपुटतं, एखादे आजोबा 'काळे हात नकोत' म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं बोलणं एकवेळ सोडून देता येतं, सहकाऱ्याचं सोडायचं नाही. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि संस्थेने नेमलेल्या मार्गदर्शकाशी बोला. प्रत्येक स्वयंसेवकाला असा माणूस दिलेला असतो. जागा बदलून मिळू शकते. 'उगाच तक्रार केली तर परत पाठवतील' ही भीती आपल्याकडून नेलेली असते. तक्रार केल्याने व्हिसा जात नाही. न सांगता काम सोडून गेल्याने जातो.

नाहीच जमलं तर मधेच परत येता येतं का?

येतं. बीएफडीत पहिले सहा आठवडे चाचणीचे धरतात, त्यात दोन आठवड्यांची सूचना देऊन थांबता येतं. पुढे जास्त मुदत, ती करारात असते. निवास परवाना या सेवेशी बांधलेला असल्यामुळे परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. गावात काय म्हणतील म्हणून कुढत बसू नका. पण हा निर्णय नोव्हेंबरात घेऊ नका, मार्चपर्यंत थांबून बघा.

वर्ष संपल्यावर निघताना काय आवरायचं?

संस्थेकडून कामाचं प्रमाणपत्र मागून घ्या, त्यात काय काम केलं ते तपशीलाने लिहिलेलं असावं. पुढे नर्सिंगचं किंवा दुसरं व्यावसायिक प्रशिक्षण तिथेच करायचं असेल तर अर्ज वर्षाच्या मध्यालाच टाकावे लागतात, शेवटच्या महिन्यात धावाधाव करून जागा मिळत नाही. परत यायचं असेल तर पत्त्याची नोंद काढून टाकायची, ती निघण्याच्या आधी एक आठवड्यापासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. रेडिओची वर्गणी त्याने आपोआप बंद होत नाही, ती वेगळी बंद करावी लागते, आणि त्यासाठी पत्त्याची नोंद काढल्याचा कागद लागतो. प्रवासाचा पास १० तारखेच्या आत रद्द. फोनचा करार तपासा. बँक खातं सगळ्यांत शेवटी बंद करा, कारण खोलीची अनामत त्यातच जमा होते आणि ती यायला कधीकधी महिने लागतात.